छातीतला पारवा आणि हातातला रिपोर्ट

मार्चअखेरीची गोष्ट. शाळा सुटल्यावर एक बाई यजमानांना घेऊन दवाखान्यात आल्या. वय ४६, पेशाने शिक्षिका, चार महिन्यांत ११ किलो वजन उतरवलेलं. कापडी पिशवीत तीन फायली: ईसीजी, टू-डी इको आणि रक्ताच्या तपासण्या. खुर्चीवर टेकता टेकताच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री डाव्या कुशीवर वळले की छातीत पारवा फडफडतो. मग क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटतं आणि धस्सकन एक ठोका पडतो. दोन ठिकाणी दाखवलं. रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. मग मला होतंय ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल असणं आणि धडधड खरी असणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. वजन उतरवताना धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. म्हणून आधी कागदांचं बोलतो, मग पारव्याचं.

यजमानांनी इकोच्या कागदावर एका ओळीखाली पेनाने रेघ मारून आणली होती. इजेक्शन फ्रॅक्शन ६२ टक्के. "म्हणजे ३८ टक्के हार्ट गेलं ना?" त्यांचा आवाज खाली गेला होता. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो आणि दरवेळी वाटतं, हे दोन मिनिटं कुणीतरी आधीच समजावायला हवं होतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो, मग आवळतो. भरलेल्या रक्तापैकी जेवढं एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं त्याची टक्केवारी म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. निरोगी हृदयसुद्धा हा कप्पा कधीच पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५० ते ७० मधला आकडा चांगला. परीक्षेच्या गुणांसारखा तो शंभरपैकी मोजायचा नाही. ६२ म्हणजे पंप उत्तम चालू आहे.

त्याच कागदावर 'ट्रिव्हिअल एमआर' किंवा 'ट्रिव्हिअल टीआर' असं लिहिलेलं असतं. झडप मिटताना चार थेंब रक्त मागे येतं, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट माणसांमध्येही ते सर्रास दिसतं. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' म्हणजे कप्पा सैल होऊन भरायला थोडा वेळ घेतो. वय, रक्तदाब आणि स्थूलपणा यांच्याबरोबर हे येतं आणि वजन नि रक्तदाब ताब्यात आणणं हाच त्यावरचा मुख्य इलाज. तो तुम्ही करतच आहात.

पण इको पंप दाखवतो, आणि धडधड ही बहुतेक वेळा पंपाची नसून त्याला चालवणाऱ्या विजेची तक्रार असते. म्हणून इको चांगला असूनही धडधड होऊ शकते. तरीही तो चांगला आहे ही माहिती मोलाची, कारण घडण निरोगी असलेल्या हृदयात अधूनमधून पडणारे जादा ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

वीज बघायची तर ईसीजी. नेहमीचा १२ लीडचा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. बाईंचा पारवा फडफडायचा रात्री अडीचच्या सुमारास, आणि ईसीजी काढला होता सकाळी ११ वाजता. त्या कागदावरच्या 'नॉर्मल'चा अर्थ इतकाच की त्या १० सेकंदांत काही वावगं घडलं नाही. रात्री अडीचला काय घडलं याची साक्ष तो देऊ शकत नाही.

ईसीजीचा कागद हातात घेऊन बघायला हरकत नाही. गुलाबी चौकटी दिसतील. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच बारीक चौकटींची एक मोठी चौकट ०.२ सेकंदाची. दोन शेजारच्या उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी बसतात ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके. हे एकदा स्वतः करून पाहिलं की कागदाची भीती निम्मी उतरते.

वरच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःहून छापलेले शेरे असतात. 'सायनस ऱ्हिदम' म्हणजे वीज जिथून निघायला हवी तिथूनच निघते आहे. 'सायनस टॅकीकार्डिया' म्हणजे तीच वीज, पण गती शंभराच्या वर. जिना चढून आलात, घाबरलात, अंगात पाणी कमी असलं, ताप असला तरी हे छापून येतं. 'सायनस ॲरिदमिया' हे नाव भीतिदायक, पण श्वास घेताना ठोके थोडे जलद आणि सोडताना थोडे संथ होतात एवढंच त्यातून कळतं. 'नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस' हा शेरा मात्र डॉक्टरांनी जुन्या ईसीजीशी ताडून पाहावा. इथे एक कळकळीची विनंती: वजन उतरवायला सुरुवात करण्याआधीचा ईसीजी फेकू नका. पोट सुटलेलं असताना पोटातली चरबी छाती-पोटामधला पडदा वर ढकलते आणि हृदय छातीत जरा आडवं पडतं. पोट उतरलं की ते उभं होतं. त्यामुळे ईसीजीतला अक्ष सरकतो. त्याला आजार समजून धावपळ करणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन कागद शेजारी ठेवले की उलगडा होतो.

त्या कागदावरचा एक आकडा मात्र वजन उतरवणाऱ्याने आवर्जून विचारावा: क्यूटीसी. ठोका पडल्यावर हृदयाची वीज पुन्हा भरायला लागणारा वेळ असं ढोबळमानाने समजा. पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक, ५०० च्या पुढे धोका. रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम घटलं की हा वेळ लांबतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेवण सोडून नुसत्या द्रव प्रथिनांवर महिनोन्‌महिने राहण्याची लाट आली होती. रोजच्या मोजक्या कॅलरी, हलक्या प्रतीची प्रथिनं. त्यात डझनावारी माणसं दगावली. त्यातल्या अनेकांच्या ईसीजीत हाच वेळ लांबलेला आढळला आणि मृत्यू हृदयाच्या बेफाम ठोक्यांनी आले होते. म्हणून फार कमी कॅलरींचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, असं मी पुन्हापुन्हा सांगतो. उलटी थांबवणारी ऑन्डानसेट्रॉन, पोटासाठीची डॉमपेरिडोन, काही अँटिबायोटिक्स यांनीही क्यूटी लांबू शकतो. खाणं कमी झालेलं असताना या गोळ्या आपल्या मनाने घेणं टाळा.

आता पारवा. बाईंनी वर्णन केलं ते जवळजवळ पुस्तकी होतं. आपल्याला वाटतं ठोका चुकला. खरं तर एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. कप्पा पुरता भरण्याआधीच तो पडतो, म्हणून दुबळा असतो, मनगटाला लागतही नाही. त्यानंतर हृदय जराशी विश्रांती घेतं. तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात पडतो. ते धस्स म्हणजे हा जोरातला ठोका. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि रात्री घर शांत असतं, म्हणून ते तेव्हाच जाणवतं.

पण वजन उतरवतानाच हे का वाढतं? कारणं बरीच आहेत आणि ती एकात एक गुंतलेली असतात.

पहिल्या पंधरवड्यात भात-पोळी एकदम तोडली की यकृत आणि स्नायूंमधला साठवलेला ग्लायकोजेन संपतो. त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. इन्शुलिन खाली येतं तसं मूत्रपिंड जास्त मीठ बाहेर टाकतं. काट्यावर तीन-चार किलो उतरलेले दिसतात, त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. मग उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हृदय पळायला लागतं. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत आपल्याकडे घरोघर पोचली आहे आणि अनेकांना तिचा फायदाही झाला आहे. पण दोन जेवणांच्या मध्ये पाणी, पातळ ताक यांचाही विसर पडतो, आणि रिकाम्या पोटी कोरी कॉफी नि ग्रीन टी यांचे कप मोजले जात नाहीत. धडधड होत असेल तर दोन आठवडे हे कप निम्म्यावर आणून बघा.

पोटॅशियमचं साधं गणित आहे. डाळी, पालेभाज्या, केळं, शहाळं, बटाटा यांतून ते मिळतं. 'गोड नको', 'स्टार्च नको' म्हणत यातलं निम्मं ताटातून जातं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की जादा ठोके वाढतात. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर तपासणी केल्याशिवाय रोज शहाळी पिऊ नका आणि 'लो सोडियम' मीठ वापरू नका. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. अशा माणसाच्या रक्तात ते साचलं तर हृदयाची गती थेट धोक्यात येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जुन्या गोळ्यांकडे. वजन ८२ किलो असताना ठरवलेला रक्तदाबाचा डोस ७१ किलोला तसाच चालू असतो. वजन उतरलं की रक्तदाबही उतरतो, मग गोळी जास्त होते आणि शरीर तो कमी दाब भरून काढायला ठोके वाढवतं. गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर ते पोटॅशियमही खेचून नेतं. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्शुलिन, जेवण कमी केल्यावर साखर फार खाली आणतात. घाम, थरथर आणि धडधड हेच तेव्हाचं चित्र. अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखर घ्या, मग बाकीचा विचार करा. थायरॉइडच्या गोळीचा डोसही वजनाशी निगडित असतो. दर चार-पाच किलोंमागे एकदा गोळ्यांची पूर्ण चळत डॉक्टरांसमोर मांडा. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका.

थायरॉइडचा विषय निघालाच आहे तर एक फार पेचाची गोष्ट सांगायला हवी. झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या. तेवढ्यात धडधड होते म्हणून थायरॉइड तपासलं जातं आणि रिपोर्ट येतो: टीएसएच खाली, टी-फोर वर. वजन उतरतंय, धडधड होतेय, रिपोर्टही तसाच. निदान हातात आल्यासारखं वाटतं. पण अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत रक्तातलं बायोटिनच तपासणीत ढवळाढवळ करतं आणि खोटे आकडे दाखवतं. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही काही पद्धतींत त्यामुळे खोटा कमी येऊ शकतो. तेव्हा बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा, आणि सांगतील तितके दिवस, निदान दोन दिवस तरी, गोळी थांबवून मगच रक्त द्या. उलट बाजूही लक्षात असू द्या. फारसा प्रयत्न न करता वजन उतरत असेल आणि धडधडही होत असेल, तर थायरॉइड खरोखरच जास्त चालत असू शकतं. अशा वेळी आहाराला श्रेय देऊन बसू नका.

हिमोग्लोबिन बघाच. बायकांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली गेलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. चाळिशीनंतर पाळी अंगावर जास्त जात असेल आणि त्यात ताट अर्धं झालं असेल, तर हे हमखास घडतं. पाळी जायच्या काळात नुसती धडधडही होते, ते वेगळंच.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागली आहेत. त्यांनी नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते, ते अपेक्षित आहे. त्रास होतो तो उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यावर. 'फॅट बर्नर' आणि बिननावाच्या 'हर्बल' पुड्यांबद्दल थोडक्यात: घेऊ नका. सिब्युट्रामिन नावाचं वजनाचं औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून काढून घेतलं गेलं, भारतातही पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली, आणि तरीही 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ते पुन्हापुन्हा सापडलं आहे.

मी बाईंना एक दोनशे पानी वही आणायला सांगितलं. धडधड झाली की घाबरून झोपून राहायचं नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, घड्याळात बघून ३० सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं. दुसऱ्या हाताने तीच लय टेबलावर वाजवायची. मग वहीत वेळ, नाडी, लय नियमित की वेडीवाकडी, हळूहळू सुरू झाली की बटण दाबल्यासारखी, किती वेळ टिकली, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, कोणती गोळी घेतली, एवढं लिहायचं. ही वही कितीतरी महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त बोलते. एखादाच धस्सकन ठोका वेगळा. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन दीडशेच्या वर नियमित पळणारी आणि तशीच अचानक थांबणारी नाडी वेगळी. आणि कसलीच लय नसलेली, ताल सुटलेल्या तबल्यासारखी नाडी आणखी वेगळी. ती एट्रियल फिब्रिलेशनची असू शकते. त्यात मेंदूत गुठळी जाण्याचा धोका असतो, म्हणून तिची दखल त्याच दिवशी घ्यायची.

धडधड रोज होत असेल तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदणारं यंत्र, लावायचं. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाने केलेलं पहिलं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि सुमारे ३८ किलोंचं होतं. आजचं काडेपेटीएवढं असतं. दिवसभरात सुमारे एक लाख ठोके नोंदले जातात. त्यात काही डझन, कधी शे-दोनशे जादा ठोके दिसले तरी हृदयाची घडण चांगली असताना घाबरण्याचं कारण नाही. एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या पुढे ते गेले तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं, कारण इतका भार वर्षानुवर्षं राहिला तर चांगला पंपही थकू शकतो. धडधड आठवड्यातून एकदा होत असेल तर एका दिवसाचं होल्टर बहुधा रिकाम्या हाताने परत येईल. मग सात ते चौदा दिवसांचा पॅच मागा. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी एका लीडचा असतो. धडधडीच्या क्षणी त्याने काढलेली पट्टी उपयोगी पडते, पण झटका आला आहे की नाही हे ते घड्याळ सांगू शकत नाही. तेच घड्याळ रात्री 'नाडी कमी' असा इशारा देतं. वजन उतरून, चालणं वाढून नाडी ७८ वरून ५८ वर आली असेल आणि चक्कर-थकवा नसेल, तर ती कमाई आहे.

ट्रेडमिल टेस्टबद्दल एवढंच, की तिथे 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं नव्हे. आणि बायकांमध्ये ती चाचणी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. कोलेस्टेरॉलचंही तसंच. वजन वेगाने उतरत असताना चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल रक्तात येतं आणि आकडा तात्पुरता वाढलेला दिसू शकतो. वजन स्थिरावल्यावर तपासा.

आणि पुढचं काही झालं तर वही बाजूला ठेवायची, १०८ ला फोन करायचा: धडधडीबरोबर शुद्ध हरपणं, छातीत दाब किंवा दुखणं, बोलता येऊ नये इतका दम, एक बाजू लुळी पडणं. व्यायाम करता करताच येणारी धडधड किंवा चक्कर, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर तपासणी पुरी होईपर्यंत व्यायाम थांबवा.

हे सगळं वाचून वजन उतरवणंच सोडून द्यावं असं कुणाला वाटू नये. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एट्रियल फिब्रिलेशन असलेले ३५५ स्थूल रुग्ण, पाच वर्षांचा पाठपुरावा. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची लय शाबूत राहण्याची शक्यता बाकीच्यांच्या सहापट होती. पण ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वर-खाली होत राहिलं, त्यांचा हा फायदा बराचसा धुऊन गेला. महिन्याला दोन किलो हळूहळू उतरवा असं मी म्हणतो ते यासाठीच. लग्नसराईआधी दहा आणि नंतर पुन्हा आठ, हा झोका हृदयाला मानवत नाही.

बाईंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर लघवीचं औषध होतं. दोन वर्षं तीच गोळी चालू होती आणि ११ किलो उतरल्यावरही कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. उभ्याने रक्तदाब १०० वर ६४. पोटॅशियम ३.२. फाईलमधल्या तपासण्यांत पोटॅशियम केलेलंच नव्हतं. होल्टरवर २४ तासांत ३४० जादा ठोके निघाले, सगळे सुटे सुटे, आणि वहीतल्या रात्री अडीचच्या नोंदीशी पट्टीवरचा ठोका मिनिटागणिक जुळला. ती पट्टी मी त्यांच्यासमोर धरली आणि बोट ठेवून दाखवलं: हा लवकर पडलेला, ही विश्रांती, हा जोरातला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हाच," त्या म्हणाल्या, "हाच तो."

लघवीचं औषध थांबवलं, नुसती टेल्मिसार्टन ठेवली, तीही कमी डोसात. पोटॅशियमची तपासणी दोनदा करून मगच डाळ-भाजीवर सोडलं. ग्रीन टी पाच कपांवरून दोनवर. सहा आठवड्यांनी पोटॅशियम ४.३ झालं होतं. त्यांनी वही पुढे सरकवली. पहिल्या पानांवर अर्धं अर्धं पान भरून लिहिलेलं होतं, काही ठिकाणी शाई पसरलेली. पुढे नोंदी विरळ होत गेल्या होत्या. शेवटची नोंद एका ओळीची: "रात्री १.५०. पारवा एकदा. नाडी ६८, नियमित. कूस बदलली, झोपले."